बाथरूमचं दार बाहेर उघडू दे: म्हातारपणाची तयारी, एकेक पायरी

बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा घरात आम्ही तिघं होतो, तेही पाच-सात पावलांवर. तरी त्यांच्यापर्यंत पोचायला वीस मिनिटं गेली. दार आत उघडणारं, आतून कडी लावलेली, आणि बाबा नेमके दाराला टेकून पडलेले. जोर लावावा तर दार त्यांच्याच पाठीत बसणार. "मी बरा आहे, दार तोडू नका," असं ते आतून सांगत होते. शेवटी शेजारच्या मुलाने दाराची खालची फळी उचकटली आणि अंगाने किरकोळ म्हणून तोच त्या फटीतून आत सरकला. मनगट मोडलं होतं, बाकी निभावलं.

बाबा अतिशय व्यवस्थित माणूस. मृत्युपत्र केलेलं, विमा उतरवलेला, ठेवींच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. त्यांची तयारी पूर्ण आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. दार कुणी पाहिलं नव्हतं.

म्हातारपणाची तयारी म्हटलं की डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: निवृत्तीनंतरचा पैसा आणि मेल्यानंतरची वाटणी. या दोन्हींच्या मधे पाच, दहा, कधी पंधरा वर्षांचा पट्टा असतो. माणूस बोलताचालता असतो, पण एकेक काम हातून सुटत असतं. बाबांच्या बाबतीत या पट्ट्यात जे जे आम्हाला उशिरा सुचलं, ते मी आता माझ्यासाठी वेळेत करते आहे. मी 59 वर्षांची आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही, त्यामुळे औषधांचं आणि कागदांचं जे लिहिलंय ते तुमच्या माणसाला दाखवूनच करा.

पायरी 1: आधी काय सुटतं ते लिहून काढा

1963 मध्ये सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर रोजच्या जगण्यातल्या सहा मूलभूत कामांची यादी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरूण-खुर्चीतून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. 1969 मध्ये पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी त्याहून जरा वरच्या आठ कामांची यादी केली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं वेळेवर घेणं आणि पैशाचा व्यवहार. वृद्धांच्या तपासणीत या दोन्ही याद्या आजही वापरतात.

आपल्या उपयोगाचा आहे तो यांचा क्रम. साधारणपणे आठच्या यादीतली कामं आधी सुटतात, सहाच्या यादीतली नंतर. सहांमध्येही अंघोळ बहुधा पहिली जाते आणि स्वतः जेवणं सर्वांत शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे "अंथरुणाला खिळलो तर?" या प्रश्नाने सुरुवात करणं म्हणजे पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणं झालं. त्याच्या कितीतरी आधी बिलं भरण्यात गोंधळ होतो, औषधाची वेळ चुकते, बाहेर जायचा कंटाळा येतो.

एका वहीत ही चौदा कामं एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: आज कोण करतं, मला जमेनासं झालं तर कोण करेल, आणि ते सोपं व्हावं म्हणून आत्ता काय करता येईल. दुसऱ्या रकान्यात "बघू" लिहायला बंदी. नाव सुचत नसेल तर जागा कोरी ठेवा. पुढची काही वर्षं तुम्हाला ज्या जागा भरायच्या आहेत त्या याच.

जोडप्यांनी यात आणखी एक गोष्ट तपासावी. वर्षानुवर्षांच्या संसारात कामं वाटली गेलेली असतात. बँक याची, स्वयंपाक तिचा, गाडी याची, डॉक्टरांच्या भेटी तिच्या. एक माणूस गेला की उरलेल्याला निम्मं घर चालवताच येत नाही. वर्षातून एक आठवडा कामांची अदलाबदल करा. आमच्याकडे पहिल्या खेपेला मला विजेचं बिल कुठून भरलं जातं हे माहीत नव्हतं, आणि नवऱ्याला माझ्या थायरॉइडच्या गोळीचं नाव. आठवडाभर चिडचिड झाली, पण दोघांच्याही वहीतल्या चार-चार ओळी भरल्या.

पायरी 2: पाय

सगळ्या लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या. सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून बसा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 60 ते 64 या वयात पुरुषाचा आकडा 14 च्या खाली किंवा बाईचा 12 च्या खाली असेल तर तो सरासरीहून कमी. 70 ते 74 साठी हेच आकडे 12 आणि 10. कमी आकडा म्हणजे पडण्याची शक्यता जास्त. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठा, 3 मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आकडा कमी आला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! "आता या वयात काय" हे वाक्य मी तेव्हापासून घरात बंद केलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 65 च्या पुढच्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. आपण बहुतेक जण पहिल्यापाशीच थांबतो. रोज फिरायला जाणारा माणूस "माझा व्यायाम होतो" म्हणतो, पण फिरण्याने तोल फारसा सुधारत नाही आणि मांडीची ताकदही पुरेशी वाढत नाही. खुर्चीतून हात न लावता दहा-दहा उठबशा, ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालणं, एवढ्याने सुरुवात होते. जेवणातली प्रथिनंही बघा. निरोगी ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ साधारण दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

आणि जमिनीवरून उठायला शिका. हे कुणी शिकवत नाही. पडल्यावर पहिली काही मिनिटं हलू नका, कुठे दुखतंय ते पाहा. फार दुखत नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर भार देऊन वर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत जड, न सरकणाऱ्या खुर्चीपाशी जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, मजबूत पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर टेकवा, हातापायांनी रेटून वर या आणि वळून बसा. लगेच चालू लागू नका. चांगल्या दिवशी, कुणी समोर असताना, गादीवर हे चार-पाच वेळा करून बघा. उठता येतच नसेल तर हातपाय हलवत राहायचं, जवळचं पांघरूण ओढून अंग गरम ठेवायचं आणि आवाज करायचा. फोन टेबलावर असेल तर जमिनीवरून त्याचा उपयोग शून्य. म्हणून तो खिशात तरी हवा किंवा हाताला येईल अशा खालच्या जागी.

रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आणखी एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी 67 वर्षांच्या 12 धडधाकट माणसांना 10 दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. आजार काहीच नव्हता, फक्त आराम होता. म्हणून "उठून बसवू का, चालवू का?" हे रोज विचारणारं माणूस रुग्णाजवळ हवं. फळांची पिशवी घेऊन येणारे पुष्कळ असतात.

पायरी 3: घर, रात्री दोन वाजताचं

घराची पाहणी दिवसा करू नका. रात्री दोनचा गजर लावा, झोपेतून उठा आणि दिवा न लावता बाथरूमकडे निघा. कुठे चाचपडलात, कशाला अडखळलात, बटण किती लांब होतं, ते सकाळी लिहा. साठीत डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्या प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश असतो. तुम्हाला जे "पुरेसं दिसतं" ते आईला दिसत नसतं.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. कडी अशी हवी की अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल. हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे लावा, जमिनीपासून साधारण 84 ते 91 सेंटिमीटरवर. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. ती टॉवेलाचं वजन पेलायला केलेली असते आणि पडणारा माणूस नेमकी तीच धरतो. कमोडची बैठक 43 ते 48 सेंटिमीटर उंच असली की गुडघ्यांना सोपं पडतं. अंघोळीला बसायला रबरी पायांचं स्टूल आणि हातात धरायचा शॉवर असला की सहाच्या यादीतलं पहिलं काम बरीच वर्षं तुमच्याच हातात राहतं.

बाकीचं घर पटकन: सुटे गालिचे आणि पायपुसणी काढून टाका, वायरी भिंतीलगत न्या, पलंग ते बाथरूम या वाटेवर आपोआप लागणारे दिवे बसवा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणा, म्हणजे स्टुलावर चढणं थांबेल. घराची डागडुजी करायची झालीच तर दारं 81 सेंटिमीटर मोकळी रुंदी ठेवून करून घ्या, चाकाची खुर्ची जाते. उतार करायचा असेल तर 1 ला 12. म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीसाठी साडेतीन मीटरहून जास्त लांबी. सुतार याहून तीव्र उतार करून देतो आणि "चालेल" म्हणतो. चालत नाही.

पायरी 4: कान, डोळे आणि औषधांची पिशवी

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, नेमलेल्या आयोगाने 2024 च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे 14 धोके मोजले आहेत. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपणा हे त्यात आहेतच, शिवाय ऐकू न येणं आणि उपचार न केलेली कमी नजर हेही आहेत. हे सगळे धोके जगातून हटवता आले तर डिमेन्शियाची सुमारे 45 टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. कानाच्या यंत्रावरच्या 2023 च्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगाचा निकाल मात्र नीट वाचायला हवा. सगळ्या सहभागींचा एकत्र विचार करता फरक दिसला नाही; ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. पण यंत्राचं समर्थन करायला एवढाही पुरावा लागत नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून उठून जातो, हे प्रत्येक घरात दिसतं. यंत्र लवकर घ्या, कारण मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायला आठवडे लागतात. ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा घेतलेलं यंत्र बहुधा खणातच राहतं.

औषधांसाठी एक सोपी रीत. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा: चालू, बंद, सांधेदुखीचं मलम, कुणीतरी सुचवलेलं चूर्ण, सर्दीची गोळी, सगळं. वर्षातून एकदा ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा आणि विचारा, "यातलं काय बंद करता येईल?" बाबांच्या पिशवीत एकाच औषधाची दोन कंपन्यांची पाकिटं निघाली, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. दोन्ही ते इमानाने घेत होते.

वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी 1991 मध्ये मार्क बीअर्स या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर केली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती अद्ययावत करते, 2023 मध्येही केली. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारख्या सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या आणि बेंझोडायझेपाइन गटातल्या झोपेच्या गोळ्या त्यात आहेत. त्यांनी गुंगी येते, गोंधळ होतो, माणूस पडतो. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम सोडायची नाही. ती हळूहळू कमी करावी लागते. डॉक्टरांकडे गेलातच आहात तर रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजून घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर सकाळच्या चकरेचं कारण सापडलं. फ्लू, न्यूमोकॉकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) आणि नागीण यांच्या लसींचंही त्याच भेटीत विचारून टाका.

पायरी 5: पैसा, पण आकड्यापेक्षा त्याची रचना

किती पुरेल याचं गणित सगळेच सांगतात, म्हणून इथे थोडक्यात. 72 ला महागाईच्या दराने भागा. भाव किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. 6 टक्के असेल तर 12 वर्षं. साठाव्या वर्षी 100 लागत असतील तर 84 व्या वर्षी 400 लागतील. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी 1994 मध्ये मांडलेला "पहिल्या वर्षी साठवलेल्या रकमेतले 4 टक्के काढा, मग महागाईप्रमाणे वाढवा" हा ठोकताळा सर्रास फिरतो. तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर आणि 30 वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे. दुसऱ्या देशात तो जसाच्या तसा लावू नका.

देखभालीचा खर्च मात्र लोक फार कमी धरतात. चोवीस तास कुणीतरी जवळ हवं म्हणजे आठवड्याचे 168 तास. 40 तासांची नोकरी धरली तर चार माणसांचं पूर्ण काम, आणि वर थोडं उरतंच. आपण हे काम मनातल्या मनात एका सुनेच्या किंवा मुलीच्या नावावर टाकून मोकळे होतो.

रचनेचं काम पन्नाशी-साठीतच करा, कारण पैशाचे व्यवहार ही लवकर सुटणाऱ्या कामांपैकी आहे आणि सुटतंय हे ज्याचं त्याला सहसा कळत नाही. खाती कमी करा. सहा बँकांतली सहा खाती पस्तिशीत सोयीची वाटतात, पंचाहत्तरीत तो चक्रव्यूह होतो. बिलं आपोआप भरली जातील अशी सोय करा. एका कागदावर नकाशा काढा: कुठे काय आहे, कुणाला फोन करायचा, कागद कुठल्या कपाटात. रोजच्या खात्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च ठेवा आणि मोठी रक्कम अशा जागी, जिथून ती काढायला एक दिवस तरी लागेल. व्यवहाराचा संदेश तुमच्याबरोबर विश्वासातल्या एकाला जाईल अशी व्यवस्था तुमची बँक देत असेल तर घ्या.

फसवणुकीबद्दल आमच्या घरात एकच नियम आहे: जो घाई करतो त्याला उद्या. फोनवर पोलीस असो, बँक असो, अडचणीत सापडलेला भाचा असो, उत्तर एकच, "मी फोन ठेवते आणि माझ्याकडे असलेल्या नंबरवर परत लावते." आवाज ओळखीचा वाटला तरी. घरच्यांमध्ये एक परवलीचा शब्दही ठरवून ठेवला आहे. सोपा आहे, आणि तो मी इथे लिहिणार नाही.

पायरी 6: सही चालते आहे तोवर

मृत्युपत्र लोकांना माहीत असतं. ते तुम्ही गेल्यावर कामाला येतं. तुम्ही जिवंत आहात पण निर्णय घेऊ शकत नाही, त्या काळासाठी दुसरे दोन कागद लागतात.

पहिला पैशाच्या व्यवहारांचा. साध्या मुखत्यारपत्राची गोम अशी की पुष्कळ देशांत, ते देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी. काही देशांच्या कायद्यात अशा वेळीही चालू राहणारं वेगळं पत्र असतं. काही ठिकाणी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात महिने जातात. वकिलाला प्रश्न याच शब्दांत विचारा: "मला स्मृतिभ्रंश झाला तर हा कागद चालेल का?"

दुसरा उपचारांचा. लुई कुटनर या अमेरिकी वकिलांनी 1969 मध्ये "जिवंतपणीचं इच्छापत्र" ही कल्पना मांडली आणि 1976 मध्ये कॅलिफोर्नियाने त्यासाठीचा पहिला कायदा केला. आज अनेक देशांत याचे नमुने आणि नियम आहेत. पण "मला व्हेंटिलेटर नको" एवढं लिहून भागत नाही. न्यूमोनियात चार दिवस यंत्र लागलं आणि माणूस चालत घरी आला, असंही होतं. म्हणून यंत्रांची नावं लिहिण्याआधी जगणं कसं हवं ते लिहा. माझ्या कागदातली एक ओळ अशी आहे: "माणसं ओळखता येत नसतील आणि ते परत येण्याची आशा नसेल, तर दुखणं कमी करा, आयुष्य वाढवू नका. आशा धूसर असेल तर ठरावीक दिवस उपचार करून बघा आणि मग थांबायचं की नाही ते माझी मुलगी ठरवेल." निर्णय कोण घेणार त्याचं नाव एकच असावं. दोन नावं म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर भांडण. आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला ते सांगा. हा कागद लॉकरमध्ये असेल तर रात्री कुणाच्या कामाचा?

फोन आणि खात्यांचंही बघा. गूगलमध्ये 2013 पासून, तुम्ही ठरवलेल्या काळापर्यंत खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला काय द्यायचं ते आधी नोंदवता येतं. ॲपलमध्ये 2021 पासून वारसदार संपर्क नेमता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, आज रात्री होईल.

पायरी 7: विचारा, ठरवू नका

बाबांचं मनगट जुळल्यावर मी आणि भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि अर्ध्या तासात सगळं ठरवलं. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, घर भाड्याने. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "झालं का तुमचं? आता मला विचारा."

विचारल्यावर कळलं की त्यांना खोलीचं किंवा एकटेपणाचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी ज्या दोघांबरोबर ते बुद्धिबळ खेळत ते दोघं सुटू नयेत, एवढंच हवं होतं. सहा-सहा महिन्यांच्या योजनेत पहिल्यांदा तेच सुटलं असतं. मग घर तेच राहिलं, दार बदललं, सकाळी अंघोळीच्या वेळी दोन तास माणूस ठेवला. पुढची पाच वर्षं तशीच गेली.

हे बोलणं प्रसंग येण्याआधी करायचं आणि शक्यतो वडीलधाऱ्यांनीच काढायचं. मुलांनी काढलं की डोळा इस्टेटीवर आहे असं वाटतं. "माझं काय करणार आहात?" असं विचारलंत तर पोरं गप्प होतील. त्याऐवजी वही पुढे ठेवा: "या चौदांपैकी तुला कुठलं जमेल, कुठलं नाही, खरं सांग." लांब राहणाऱ्या मुलाला अंघोळ जमणार नाही, पण बिलं, औषधांची मागणी, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं तो हजार कोसांवरून करू शकतो. जो प्रत्यक्ष जवळ राहतो त्याला वर्षातून किती दिवस सुटी आणि त्या दिवसांत कोण येणार, हेही त्याच बैठकीत तारखेसकट लिहा. खर्चाची वाटणीही. मूल नसेल किंवा कुणीच जवळचं नसेल तर रकान्यात मित्र, शेजारी, भाचरं, पगारी माणूस, संस्था अशी नावं येतील. रकाने तेच राहतात, फक्त भरायला लवकर सुरुवात करावी लागते.

घर बदलायचं असेल तर ते पाय आणि ओळखी करण्याचा उत्साह दोन्ही शाबूत असताना बदला. वृद्धनिवास बघायला जेवणाच्या वेळी, न सांगता जा, आणि पैसे भरण्याआधी महिनाभर राहून बघा. तिथे एकच प्रश्न खोदून विचारा: "मी अंथरुणाला खिळले तर तुम्ही मला ठेवाल का?" पुष्कळ ठिकाणी उत्तर नाही असं असतं, आणि ते माहितीपत्रकात नसतं.

पायरी 8: खुणांचं पान

वहीचं शेवटचं पान मी सर्वांत सावकाश लिहिलं. त्यावर "असं झालं, तर तसं करायचं" अशा जोड्या आहेत. सहा महिन्यांत गाडीला दोन ओरखडे आले, तर किल्ली मुलीकडे. एकच बिल दोनदा भरलं किंवा भरायचंच राहिलं, असं तीन महिन्यांत दोनदा झालं, तर पैशाचे व्यवहार मुखत्याराकडे. वर्षात दोनदा पडले, तर रात्री एकटं राहायचं नाही. गॅस दोनदा चालू राहिला, तर आपोआप बंद होणारी शेगडी. तीन महिन्यांत न ठरवता वजन चार किलोंनी उतरलं, तर डॉक्टर, त्याच आठवड्यात.

खाली माझी सही आहे आणि मुलीसाठी दोन ओळी: "हे तू मला वाचून दाखवशील तेव्हा मी चिडेन. तेव्हा ही सही दाखव." तिने पान वाचून विचारलं, "आणि सही तुझी नाहीच म्हणालीस तर?" म्हणून आता नवऱ्याचीही आहे.

दर वाढदिवसाला वही उघडायची, फोन नंबर तपासायचे, गेलेल्यांची नावं खोडायची, खुर्चीच्या उठबशा मोजून तारखेसह लिहायच्या. गेल्या वर्षी माझ्या 15 होत्या, यंदा 13. सरासरीहून कमी नाहीत अजून, पण दोन कमी झाल्या आहेत, म्हणून जवळच्या व्यायामशाळेत आठवड्याचे दोन दिवस नाव घातलं आहे. आणि परवा सुतार येऊन गेला. दार आता बाहेर उघडतं, पण उघडताना धुण्याच्या यंत्राला जरा लागतं. यंत्र दहा सेंटिमीटर सरकवायचं आहे.